हॅमरस्मिथचं पोलिश घर: विखुरलेल्या समाजाने एक वास्तू कशी उभारली, कशी चालवली

पश्चिम लंडनमध्ये रेव्हन्सकोर्ट पार्क स्टेशनवर उतरून किंग स्ट्रीटला लागलं की २३८ ते २४६ क्रमांकाची काँक्रीट आणि काचेची एक बोजड इमारत दिसते. देखणी म्हणावी अशी ती नाही. पण आत गेलं की एकाच जिन्यावर ग्रंथालय, नाट्यगृह, कलादालन, कॅफे, तळघरातला जॅझ क्लब, परागंदा पोलिश विद्यापीठ, इंजिनिअरांची संघटना, शनिवारच्या शाळांचं मुख्यालय आणि जोसेफ कॉनरॅडच्या अभ्यासकांची संस्था अशी सगळी बिऱ्हाडं सापडतात. पूर्ण नाव ‘पोल्स्की ओश्रोदेक स्पोवेच्नो-कुल्तुराल्नी’, म्हणजे पोलिश सामाजिक-सांस्कृतिक केंद्र. सगळे त्याला ‘पॉस्क’ म्हणतात.

ही वास्तू १९७४ साली उघडली. ज्यांनी खिशातले पैसे घालून ती बांधली ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्याच पिढीने ब्रिटनच्या गावोगावी काढलेले क्लब मोठ्या संख्येने बंद पडले, विकले गेले किंवा नुसते भाड्याचे हॉल होऊन राहिले. हे एक घर मात्र टिकलं. असं का झालं, आणि टिकूनही कुठली दुखणी उरली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. नाचगाणी, झेंडे आणि पारंपरिक पोशाख यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. इथे भर भाडं, घटना, परवाने आणि स्वयंपाकघर यांवर आहे. आमच्या मते संस्कृती टिकली ती मुख्यतः तिथेच.

माणसं कुठून आली

१९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे १ लाख ६२ हजार लोक नोंदले गेले. यातले बहुतेक नोकरीच्या शोधात आलेले नव्हते. युद्धात ब्रिटिश कमांडखाली लढलेले सैनिक, वैमानिक, खलाशी आणि त्यांची कुटुंबं होती. युद्धाच्या अखेरीस दोस्त राष्ट्रांत झालेल्या याल्टाच्या करारानंतर पोलंडचा पूर्वेकडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली. घरच दुसऱ्या देशात गेल्यावर परतायचं कुठे? १९४७ चा पोलिश पुनर्वसन कायदा याच लोकांसाठी झाला.

सुरुवातीला राहायची सोय लष्कराने रिकाम्या केलेल्या तळांवर होती. अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन झोपड्या, मधोमध कोळशाची शेगडी. एकेका छावणीत काही महिन्यांत चॅपल, शाळा, दुकान आणि एक सार्वजनिक हॉल उभा राहायचा. पुढच्या क्लबांचा आराखडा हाच. देऊळ, शाळा आणि सभागृह यांची तिकडी छावणीतच पक्की झाली होती, गावात जाऊन फक्त जागा बदलली.

या लोकांत कोल्हापूरहून आलेलेही होते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. ज्यांचे वडील, भाऊ किंवा नवरे ब्रिटिश कमांडखालच्या पोलिश सैन्यात होते त्यांतले अनेक जण मुंबईहून बोटीने ब्रिटनला गेले. ‘भारतातल्या पोलिश लोकांचं मंडळ’ पुढे लंडनमध्येच उभं राहिलं, आणि कोल्हापुरातल्या महावीर उद्यानात आज जो स्तंभ दिसतो त्यामागे याच लोकांची आठवण आहे. शाळा, स्काउट पथक, नाटक, चर्च हे सगळं वळिवड्यात पाच वर्षं चालवलेल्या बायकांना इंग्लंडमधल्या एखाद्या गावात क्लब काढणं जड गेलं नसावं.

गावातला क्लब कसा उभा राहायचा

ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, लेस्टर, नॉटिंगहॅम, स्लाउ अशा कारखान्यांच्या गावांत क्रम साधारण सारखाच होता. आधी स्थानिक कॅथॉलिक चर्चमध्ये रविवारी उसनी वेळ मागून पोलिश मास, म्हणजे सामुदायिक प्रार्थना. मग पॅरिश समिती, म्हणजे चर्चच्या भाविकांची समिती. मग महिन्यातून एकदा शाळेचा किंवा चर्चचा हॉल भाड्याने घेऊन नाच. नाचाच्या तिकिटांतून आणि आठवड्याच्या वर्गणीतून गल्ला साठला की एखादं मोठं जुनं घर किंवा बंद पडलेलं चॅपल विकत घ्यायचं. खालच्या मजल्यावर बार, वर दोन खोल्यांत शनिवारची शाळा, मागे स्वयंपाकघर. अनेक ठिकाणी पुढाकार माजी सैनिकांच्या ‘एसपीके’ या संघटनेचा असे. ती १९४६ सालची.

हे क्लब पुढे ढासळले त्यामागे तीन गोष्टी होत्या, आणि तिन्ही पहिल्याच वर्षी पेरल्या गेल्या होत्या.

पहिली, मालकी. घर घेताना खरेदीखत विश्वासातल्या तीन-चार जणांच्या नावावर व्हायचं. तीस वर्षांनी त्यातले दोघे वारलेले, एक कॅनडात, आणि छप्पर दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं तर बँक विचारते सही कोणाची? मग वारसांचा शोध, वकिलाची फी आणि दोन-दोन वर्षांचा खोळंबा. जमिनीची मालकी संस्थेच्याच नावावर असावी, किंवा निव्वळ धारक म्हणून काम करणाऱ्या कायमस्वरूपी विश्वस्त संस्थेच्या नावावर. माणसांच्या नावावर नको. नव्या संस्थेलाही पहिला सल्ला हाच द्यावा लागतो, आणि बहुतेक जण तो ‘आमच्यात तसं काही होणार नाही’ म्हणून सोडून देतात.

दुसरी, सभासदत्वाची व्याख्या. क्लब माजी सैनिकांचा, तर मतदानाचा हक्कही माजी सैनिकांना. मुलगा बारमध्ये येऊ शकतो, मुलगी शाळेत शिकवू शकते, पण वार्षिक सभेत त्यांचा हात मोजला जात नाही. नियम बदलला जाईपर्यंत ती मुलं चाळिशी ओलांडून उपनगरात राहायला गेलेली असतात.

तिसरी, बारवरचं अवलंबन. १९६०-७० च्या दशकांत बारचा नफा सगळं चालवत होता, म्हणून दुसरं उत्पन्न कुणी शोधलं नाही. कारखाने बंद झाले, दारू सुपरमार्केटात स्वस्त झाली, २००७ मध्ये इंग्लंडमध्ये बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली, आणि शुक्रवार संध्याकाळचा गल्ला आटला. शाळेला मोफत खोल्या देणारा हात तोच होता.

एका छताचा निर्णय

पॉस्कची कल्पना १९६० च्या दशकात पोलिश इंजिनिअरांच्या संघटनेतून आली, आणि प्रा. रोमान वायदा यांनी ती लावून धरली. ही संघटना १९४० सालची. इंजिनिअरांना स्वतःला जागा हवी होती हे खरं, पण निकड ग्रंथालयाची होती. १९४२ मध्ये युद्धाच्या ऐन धामधुमीत सुरू झालेलं पोलिश ग्रंथालय युद्धानंतर ब्रिटिश सरकारच्या खर्चाने चाललं होतं. मारिया दानिलेविच-झेलिंस्का यांनी १९४३ पासून तीस वर्षं ते सांभाळलं. साठच्या दशकात सरकारने हात काढून घेतला. परागंदा समाजाची छापील स्मृती, म्हणजे वॉर्सॉत जे छापायला बंदी होती ते सगळं, एका झटक्यात बेघर होणार होतं.

इथे एक हिशेब करून पाहा. १ लाख पुस्तकं म्हणजे मीटरला तेहेतीस धरली तर ३ किलोमीटर फळ्या. मीटरमागे साधारण ३५ किलो म्हटलं तर १०० टनांच्या पलीकडे वजन. असा भार व्हिक्टोरियन राहत्या घराच्या लाकडी तुळयांवर ठेवता येत नाही. ग्रंथसाठ्याची जमीन नेहमीच्या कार्यालयाच्या दुप्पट-तिप्पट भारासाठी बांधावी लागते. ‘एखादं मोठं जुनं घर घेऊ’ हा गावोगावचा उपाय इथे मुळातच लागू नव्हता. नवी इमारत बांधणं भाग होतं, आणि नवी इमारत एकट्या ग्रंथालयाला परवडणारी नव्हती.

म्हणून बाकीच्यांना सोबत घ्यायचं ठरलं, आणि ते ज्या पद्धतीने घेतलं तिथे आमच्या मते या प्रकरणाची गोम आहे. संस्थांना विलीन व्हायला सांगितलं नाही. प्रत्येकीने आपलं नाव, आपली घटना, आपलं भांडण शाबूत ठेवावं आणि इथे जागा घ्यावी. परागंदा राजकारणात पक्ष, लष्करी तुकड्या, अध्यक्षपदावरून फुटलेले गट असं बरंच काही होतं. १९५४ ते १९७२ या काळात तर परागंदा नेतृत्वाची दोन तोंडं दोन दिशांना होती. ‘सगळे एक व्हा’ म्हटलं असतं तर पायाचा दगडही बसला नसता. एका जिन्यावर राहायला मात्र एकमत लागत नाही. किल्ली, भाडं आणि हॉलचं वेळापत्रक ठरलं की झालं.

पैसा उभा केला तो देणग्या, सभासदांकडून घेतलेली कर्जं आणि मृत्युपत्रांतून. पोलंडमध्ये सार्वजनिक कामासाठी ‘विटा’ विकायची जुनी चाल आहे; छोट्या रकमेची पावती घ्यायची, एक वीट आपली. ब्रिटनभरच्या लोकांनी तशी रक्कम पाठवली, त्यातल्या बऱ्याच जणांनी लंडनला ही इमारत कधी पाहिलीही नसेल. वॉर्सॉच्या कम्युनिस्ट सरकारकडून काही घेण्याचा प्रश्नच नव्हता, दूतावासाची पायरी चढणंही परागंदा वर्तुळात गैर मानलं जाई. वायदा १९७४ मध्येच वारले.

बाहेरचा पैसा नसल्याचा एक परिणाम दोन वर्षांतच दिसला. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या गनर्सबरी दफनभूमीत कॅटिनचं, म्हणजे युद्धात कॅटिनच्या जंगलात ठार मारलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांचं, स्मारक उभं राहिलं. त्यावर ‘१९४०’ हे साल कोरलं होतं. जर्मन सैन्य त्या भागात १९४१ मध्ये पोचलं, म्हणून साल १९४० म्हणजे हत्या सोव्हिएतांनी केली, १९४१ म्हटलं की जर्मनांनी. चार अंकांवरून सोव्हिएत वकिलातीने निषेध नोंदवला आणि ब्रिटिश सरकार अनावरणापासून लांब राहिलं. ज्या समाजाची सभागृहं सरकारी अनुदानावर चालतात, त्याला असा आकडा कोरताना दहादा विचार करावा लागला असता.

हॉल, बार आणि कागद

सांस्कृतिक केंद्र म्हटलं की कार्यक्रम डोळ्यांपुढे येतात. चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र कागद असतात. इंग्लंडमध्ये स्थलांतरितांचा क्लब चालवताना दोन कायदे रोज अंगाला घासतात, त्यांचा थोडा तपशील.

क्लबला फक्त सभासदांना आणि त्यांच्या पाहुण्यांना दारू द्यायची असेल तर २००३ च्या परवाना कायद्याखाली ‘क्लब प्रमाणपत्र’ चालतं. अट अशी की किमान २५ सभासद हवेत, आणि अर्ज केल्यावर किमान दोन दिवस गेल्याशिवाय कुणाला सभासद करून घेता येत नाही. दारातच फॉर्म भरून आत सोडणं म्हणजे प्रमाणपत्र धोक्यात घालणं. पण हॉल बाहेरच्या लग्नाला दिला आणि बार उघडा ठेवला की हे प्रमाणपत्र अपुरं पडतं. मग एक तर पूर्ण परवाना, नाही तर प्रत्येक वेळी तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना. फी २१ पौंड, किमान १० कामकाजाचे दिवस आधी द्यायची, आणि माणसं ४९९ च्या वर नकोत. या सूचनांना वर्षाकाठी मर्यादा आहे, तेव्हा डिसेंबर येईपर्यंत कोटा संपवून बसलेले क्लब असतात. नाताळ आणि नववर्षाची पूर्वसंध्या, म्हणजे पोलिश दिनदर्शिकेतल्या सर्वांत कमाईच्या रात्री, नेमक्या त्यानंतर येतात.

दुसरा कायदा धर्मादाय संस्थेचा. नोंदणी असली की मालमत्तेवरच्या स्थानिक करात ८० टक्के सवलत मिळते, देणगीच्या प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स येतात. पण दारू विकणं हा धर्मादाय हेतू नव्हे. अशा व्यापारी विक्रीची उलाढाल एका मर्यादेपलीकडे गेली (सध्या मोठ्या संस्थांना वर्षाला ८० हजार पौंड) की नफ्यावर कर लागतो. म्हणून बार आणि रेस्टॉरंट वेगळ्या कंपनीत घालायचे आणि त्या कंपनीने नफा मूळ संस्थेला दान करायचा, ही रूढ वाट. चुकतं ते असं की कंपनीचे संचालक आणि संस्थेचे विश्वस्त तेच पाच जण असतात. कंपनी तोट्यात गेली की ते संस्थेच्या पैशाने तिला तारतात, आणि ग्रंथालयासाठी आलेली देणगी बिअरच्या थकबाकीत जाते. दोन्हीकडे निदान काही माणसं वेगळी हवीत.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, डॉलिस हिल लेनवर त्याची स्वतःची वास्तू आहे. तिथे किंवा स्लाउपासून सिडनीपर्यंतच्या कुठल्याही मंडळात कार्यकारिणीवर काम केलेल्याला वरचे दोन परिच्छेद परके वाटायचे नाहीत. बिअरच्या जागी बटाटेवडा घातला की हिशेब तोच.

सहाशे पिएरोगी

क्लबचं सांस्कृतिक काम कुठे चालतं असं विचारलं तर आम्ही रंगमंचाआधी स्वयंपाकघर दाखवू. उदाहरण म्हणून नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या ‘वीगिल्या’च्या धर्तीवर डिसेंबरात होणारं सार्वजनिक जेवण घ्या. १२० पानं. परंपरेने बारा पदार्थ, मांस वर्ज्य, आधी सगळ्यांनी ‘ओप्वातेक’ नावाची पापडासारखी पांढरी पोळी एकमेकांबरोबर तोडून खायची, आणि एक ताट अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी मांडून ठेवायचं.

बाराच्या बारा पदार्थ कुठलाच क्लब करत नाही. बीटचं आंबट सार, हेरिंग, तळलेला मासा, खसखशीचा रोल आणि पिएरोगी एवढं झालं तरी लोक समाधानी. पिएरोगी म्हणजे उकडून केलेली करंजी म्हणा. माणशी पाच धरले की सहाशे. त्याला साधारण ६ किलो मैदा, ३ लिटर कोमट पाणी, थोडं तेल आणि मीठ. या रात्रीचं सारण आंबवलेल्या कोबीचं आणि सुक्या रानटी अळंबीचं. तयार सारण १० ते १२ किलो लागतं, त्यासाठी कोबी १४ किलो, सुकी अळंबी निदान ६०० ग्रॅम, कांदे २ किलो.

बिघडतं ते कोबीपाशी. शिजवलेला कोबी फडक्यात घट्ट पिळून, बारीक चिरून, अळंबीबरोबर पुन्हा कढईत कोरडा परतावा लागतो. घाईत ओलसर भरला की पाणी पिठात उतरतं, कडा भिजते आणि उकळत्या पाण्यात पिएरोगी तोंड उघडतो. एका भांड्यात चार फुटले की पाणी गढूळ होऊन बाकीचेही चिकटतात. पीठ मळून ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवायचं, नाहीतर लाटताना आखडतं आणि जाड राहतं. सात सेंटिमीटरची वाटी, मध्ये चहाचा एक मोठा चमचा सारण, कडेला तेलाचं बोट लागू द्यायचं नाही, कारण तेलकट कड चिकटत नाही. एका वेळी तीस-चाळीसच सोडायचे, वर आल्यावर दोन-तीन मिनिटं. आदल्या आठवड्यात करून ठेवायचे असतील तर मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटे गोठवायचे आणि मगच पिशवीत. थेट पिशवीत घातले तर सहाशेचा एक गोळा होतो.

हे काम सहा-सात बायका एका दुपारी टेबलाभोवती करतात, आणि तेवढा वेळ पोलिशशिवाय दुसरी भाषा चालत नाही. लाटणाऱ्या आजीशेजारी बसलेल्या चौदा वर्षांच्या नातीला शनिवारच्या शाळेत न मिळणारे शब्द इथे मिळतात: रागावण्याचे, टोमण्याचे, पोरांच्या लग्नांचे. मात्र प्रमाणं कुणी लिहून ठेवत नाही. आजीचा हात गेला की पुढच्या वर्षी केटररला सांगितलं जातं, ताटाची किंमत दुप्पट होते, पेन्शनवर जगणारे येणं सोडतात आणि दोन वर्षांत कार्यक्रमच बंद. क्लबच्या दस्तऐवजांत सभांची इतिवृत्तं पन्नास वर्षांची असतात, सारणाचं प्रमाण एकही नसतं.

शनिवार सकाळ

दुसरी जागा शाळा. ‘पोल्स्का माचेश श्कोल्ना’ ही शनिवारच्या शाळांची मध्यवर्ती संस्था १९५३ पासून आहे आणि तिचं कार्यालय पॉस्कमध्येच. साधारण साडेनऊ ते एक, भाषा, इतिहास, भूगोल आणि धर्म. वर्षभर नाताळचं नाटक, ३ मे चा संविधान दिन, ११ नोव्हेंबरचा स्वातंत्र्यदिन यांभोवती फिरतं.

इथे नेहमीची गफलत म्हणजे वर्ग वयाप्रमाणे लावणं. दहा वर्षांचा एक मुलगा घरी फक्त पोलिश बोलतो, दुसऱ्याचे वडील इंग्रज आणि घरात इंग्रजीच. एका बाकावर बसवले की एक कंटाळतो, दुसरा लाजतो, दोघेही वर्षभरात गळतात. भाषेच्या पातळीप्रमाणे वर्ग लावणाऱ्या शाळा मुलं टिकवतात, जरी आईबापांना ‘आपला मोठा, लहानांबरोबर?’ हे रुचत नाही. आणि शेवटी हातात काही पडलं पाहिजे. पोलिशमध्ये जीसीएसई आणि ए-लेव्हल (आपल्या दहावी-बारावीसारख्या ब्रिटिश परीक्षा) देता येते हे शाळांचं मोठं बळ. २०१५ मध्ये परीक्षा मंडळाने पोलिश ए-लेव्हल बंद करायचं जाहीर केलं तेव्हा या संस्थांनी जोर लावला आणि पुढच्या वर्षी ती परीक्षा राहणार हे नक्की झालं.

तीन तास पालक कुठे जातात, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. ज्या क्लबात शाळेच्या वेळी कॅफे उघडा असतो, पुस्तकांचं कपाट असतं, सभासदत्वाचे फॉर्म टेबलावर असतात, तिथे तरुण पालक हळूहळू कार्यकारिणीत येतात. बार संध्याकाळी सातला उघडणारा क्लब त्यांना कधी भेटतच नाही.

२००४ नंतर

२००१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ५८ हजार उरले होते, वयस्कर आणि कमी होत चाललेले. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात आला. २०११ मध्ये आकडा ५ लाख ७९ हजार, २०२१ मध्ये ७ लाख ४३ हजार. कुठल्याही क्लबला वाटावं, आता भरभराट.

तसं झालं नाही, आणि दोष नव्या लोकांचाही नव्हता. जुन्यांनी क्लब काढला तेव्हा तो त्यांचा देश होता. परत जायला देशच नव्हता. नव्यांना दोन तासांच्या स्वस्त विमानाने आईकडे जाता येत होतं. कोपऱ्यावर पोलिश दुकान, खिशात फोन, घरी वॉर्सॉचे चॅनेल. शनिवारी गोदामात शिफ्ट. त्यांना हवं होतं ते नोकरीच्या कराराबद्दल सल्ला, मुलांची शाळा, इंग्रजीचा वर्ग, आणि ब्रेक्झिटनंतर ३० जून २०२१ च्या मुदतीआधी वास्तव्याचा अर्ज भरून देणारं कुणीतरी. जुन्यांच्या तोंडी लवूफ (आज युक्रेनमधलं ल्विव्ह) आणि विल्नोची (आज लिथुआनियातलं विल्नियस) युद्धपूर्व पोलिश, नव्यांच्या तोंडी आजची. बारमध्ये एकमेकांच्या बोलण्याला दोघेही हसत.

पॉस्कला इथे जुन्या रचनेचा फायदा झाला. एकच क्लब असता तर त्याला नवा चेहरा घ्यायला जुना टाकावा लागला असता. बिऱ्हाडं वेगळी असल्याने तळघरात जॅझ ऐकणाऱ्या तरुणाला वरच्या सैनिकांच्या स्मरणसभेशी काही देणंघेणं ठेवावं लागत नाही, आणि सभेतल्यांनाही खालचा आवाज दहानंतरच येतो. जॅझ क्लबमुळे इंग्रज आणि इतर श्रोते दारातून आत आले. पोलिश संस्कृती म्हणजे लोकनृत्य, ही समजूतही तिथे आपोआप मोडते. पियानोवादक-संगीतकार कोमेदापासून पोलंडची जॅझ परंपरा युरोपात नावाजलेली आहे.

जून २०१६ मध्ये, ब्रेक्झिटच्या सार्वमतानंतरच्या रविवारी, इमारतीच्या काचेवर पिवळ्या रंगात शिवी रंगवलेली सापडली. ती अक्षरं नेमकी कुणाला उद्देशून होती यावर पुढे वाद झाले. मात्र त्या आठवड्यात शेजारपाजारच्या लोकांनी दाराशी फुलं आणि चिठ्ठ्यांचा ढीग लावला. चाळीसहून अधिक वर्षं एकाच रस्त्यावर, एकाच पाटीखाली असण्याचा हाही एक उपयोग. भाड्याच्या हॉलमध्ये फिरत राहणाऱ्या मंडळाला फुलं कुठे आणून ठेवणार?

विकायचं की नाही

लंडनमध्ये जमिनीचा भाव हाच जुन्या क्लबांपुढचा मोठा मोह आणि मोठं संकट. लंडन आणि परिसरातली दोन उदाहरणं पुरेत. हेन्लीजवळचं फॉली कोर्ट हे थेम्सकाठचं घर मारियन संघाच्या पाद्र्यांनी १९५३ मध्ये घेतलं, तिथे मुलांची शाळा चालवली, पोलिश समाजाने त्यासाठी वर्षानुवर्षं देणग्या दिल्या. शाळा १९८० च्या दशकात बंद झाली आणि २०१० च्या सुमारास वास्तू विकली गेली. पैसे आम्ही दिले, तर घर आमचं नाही का, असा आक्रोश झाला. उपयोग झाला नाही, कारण देणगी देणारा मालक होत नाही.

साउथ केन्सिंग्टनमधला ‘ओग्निस्को पोल्स्के’ हा १९४० पासूनचा क्लब एक्झिबिशन रोडवरच्या भारी वस्तीत आहे. २०१२ मध्ये तिथेही विक्रीचा बेत पुढे आला. इथे सभासद उठले, बेत हाणून पाडला, कारभार नव्या मंडळाकडे गेला. पुढे खालचा मजला उत्तम रेस्टॉरंट म्हणून चालू लागला आणि घर राहिलं.

दोन्हींत फरक कागदाचा. इंग्लंडमधला धर्मादाय कायदा मालमत्ता विकताना विश्वस्तांना पात्र सल्लागाराचा लेखी अहवाल घ्यायला आणि मिळण्याजोगी उत्तम किंमत मिळते आहे याची खात्री करायला लावतो. सभासदांचं मत घ्यायला तो लावत नाही. ते फक्त संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असेल तरच बंधनकारक. तेव्हा घटना लिहितानाच दोन कलमं हवीत: मुख्य वास्तूची विक्री, गहाण किंवा दीर्घ भाडेपट्टा सर्वसाधारण सभेच्या विशेष बहुमताशिवाय नाही, आणि संस्था विसर्जित झाली तर पैसा कुठल्या प्रकारच्या कामाला जाईल. दुसऱ्या कलमाअभावी छोट्या गावातल्या क्लबांचा पैसा कुठे जायचा यावर शेवटच्या सात-आठ सभासदांत जुंपते, आणि ते सात-आठ जण ऐंशीच्या पुढचे असतात.

पॉस्कपुढे आज उभा असलेला खर्च इमारतीच्या वयाचा आहे. सत्तरच्या दशकातल्या काँक्रीटच्या वास्तूंना पन्नाशीनंतर जे लागतं तेच: सपाट छताची गळती, एकेरी काचेच्या मोठ्या खिडक्यांतून जाणारी ऊब, जुने बॉयलर, लिफ्ट, आणि आगीबाबतचे आताचे कडक नियम. भाडेकरू संस्थांचं भाडं बाजारभावाला नेलं तर शाळा आणि अभ्यासक बाहेर पडतील. तसंच ठेवलं तर छताचे पैसे नाट्यगृह आणि कॅफेने कमवायचे. यावर मध्यम तोडगा म्हणजे भाड्याचे दोन भाग करणं: जागेचं भाडं सवलतीत, पण दुरुस्ती निधीचा हिस्सा चौरस फुटाप्रमाणे सगळ्यांना सारखा, बँकेत वेगळ्या खात्यात आणि चालू खर्चाला न शिवता येणारा. पहिल्या वर्षी भांडण होतंच. ज्या संस्थेकडे पुस्तकं जास्त तिच्याकडे चौरस फूटही जास्त, आणि ग्रंथालयाकडे पैसा सर्वांत कमी.